पावतीवर भाव शून्य: इन्क्लूड केलेल्या फायलीतलं व्हेरिएबल जातं कुठे?

"भाऊ, पावती शून्याची काहून निघून राहिली? ट्रक उभा आहे इथं."

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्रा व्यापाऱ्याचा हा फोन मला दर दीड-दोन महिन्यांनी यायचा. त्याची वेबसाइट आम्ही बांधलेली, पावत्या तिथूनच निघायच्या. यायचा तोही सकाळी, लिलाव आटोपल्यावर, मी हातात तर्री-पोह्याची प्लेट धरून उभा असताना. मी ऑफिसात जायचो, आमचा पोरगा कुठेतरी एक ओळ घालायचा आणि पावती नीट निघायची. मग साइटमध्ये काही नवीन जोडलं की शून्य परत हजर. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा मी ओळ घालायची नाही असं ठरवलं आणि कागद-पेन घेऊन बसलो. त्या बैठकीत जे सापडलं ते इथे लिहितो आहे, कारण पीएचपीत साध्या साइट बांधणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी छळतंच.

आधी लक्षणं सांगतो. तुमची ताडून पाहा.

पानाच्या वरच्या पट्टीत आजचा भाव दिसतो. त्याच पानावर खाली पावतीत क्रेटची संख्या बरोबर, रक्कम मात्र शून्य. तीच पावती "फक्त छापा" या लिंकवरून उघडली, म्हणजे वरची पट्टी नसलेल्या पानावर, की रक्कम एकदम बरोबर. स्क्रीनवर एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. डेटाबेसमधला भावही ठीक.

पुढे कोड दाखवताना मी पीएचपीच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमनमध्येच करायच्या. व्हेरिएबलची नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी पीएचपीला चालतात. $दर हे तिथे अगदी वैध नाव आहे. आकडे तेवढे रोमन ठेवा, देवनागरी ६०० ला पीएचपी संख्या मानत नाही.

साइट पहिल्यांदा बांधली तेव्हा रचना साधी होती. मांडणीच्या फाइलीत, म्हणजे सगळ्या पानांना लागणारी माहिती ठेवायच्या फाइलीत, $दर, फोन नंबर, डेटाबेसची जोडणी. प्रत्येक पानाच्या डोक्यावर ती फाईल रिक्वायर केलेली, त्याखाली शिर, मजकूर, तळ असं एकाखाली एक इन्क्लूड (या दोन्ही आज्ञा दुसरी फाईल इथे मागवतात). सगळं पानाच्या उघड्या अंगणात, एकाही फंक्शनच्या आत नाही. दोन वर्षं कुरकुर नव्हती.

मग पोरानं घर आवरायला घेतलं. चांगल्या मनानं घेतलं हो, एकच एचटीएमएल पंधरा पानांवर चिकटवलेलं पाहून कोणाचेही हात शिवशिवतील. त्यानं फंक्शनं केली:

```
फंक्शन शिर_दाखव() {
    रिक्वायर_वन्स 'मांडणी.पीएचपी';
    इको $दर;
}

फंक्शन पावती_छाप($क्रेट) {
    रिक्वायर_वन्स 'मांडणी.पीएचपी';
    इको $क्रेट * $दर;
}
```

बघायला काही चूक नाही. दोन्ही फंक्शनं आपापली मांडणी मागवतात. "दादा, माझ्याकडे तर बराबर दिसून राहिलं," असं तो म्हणाला, आणि खरंच त्याच्याकडे दिसत होतं, कारण तो एकेक फंक्शन वेगळं चालवून पाहत होता.

नेमकं काय होतं

बहुतेकांच्या डोक्यात चित्र असं असतं की व्हेरिएबल फाइलीचं असतं. मांडणीच्या फाइलीत $दर लिहिला, म्हणजे तो त्या फाइलीत राहतो आणि जो ती फाईल मागवेल त्याला तो मिळतो. पीएचपी असं चालतच नाही. इन्क्लूड किंवा रिक्वायर म्हटलं की त्या फाइलीतला कोड जणू त्याच ओळीवर लिहिलेला आहे असा चालतो. ती ओळ ज्या जागी, तिथलाच स्कोप, म्हणजे व्हेरिएबल दिसण्याची हद्द, त्या फाइलीला मिळतो. ओळ अंगणात असेल तर व्हेरिएबल अंगणात येतात. ओळ फंक्शनच्या आत असेल तर ती त्या फंक्शनच्या खोलीत जन्मतात आणि फंक्शन संपलं की तिथेच संपतात. अपवाद फक्त फंक्शन आणि क्लास यांचा. ते मागवलेल्या फाइलीत लिहिलेले असतील तर कुठूनही हाक मारता येतात. घोटाळा इथूनच सुरू होतो: त्याच फाइलीतलं फंक्शन सापडतं, त्याच फाइलीतलं व्हेरिएबल सापडत नाही, आणि माणूस म्हणतो फाईल तर आली आहे ना!

आता यात "वन्स" मिसळा. रिक्वायर वन्स फाईल एका रिक्वेस्टमध्ये, म्हणजे पान एकदा मागितलं की तेवढ्यात, एकदाच चालवतो. दुसऱ्यांदा मागितली की तो ती फाईल उघडतही नाही, नुसतं ट्रू परत देतो. शिर_दाखव आधी धावलं, $दर त्याच्या खोलीत आला, पट्टीत भाव दिसला, फंक्शन संपलं, $दर गेला. मग पावती_छाप आलं, त्यानंही मांडणी मागितली, आणि पीएचपी म्हणालं, ती तर केव्हाच दिली. दिली होती खरी, पण शेजारच्या खोलीत. "फक्त छापा"च्या पानावर शिर नाही, त्यामुळे तिथे पावती_छाप हाच पहिला गिऱ्हाईक आणि त्याला सगळं मिळतं.

हे पहिल्याच वेळी कळायला हवं होतं, कारण तेव्हा इशारा येत होता: व्हेरिएबल ठरवलेलं नाही. पीएचपी ७ पर्यंत ही नुसती नोटीस असायची, २०२० साली आलेल्या ८ पासून ती वॉर्निंग झाली. पोरानं तो इशारा वाचला आणि शोधाशोध करून पावतीच्या फंक्शनमध्ये सुरुवातीलाच ही ओळ टाकली:

```
ग्लोबल $दर;
```

इशारा गेला. शून्य राहिलं.

ही ओळ म्हणजे या सगळ्या प्रकरणातली खरी खोडी आहे, म्हणून जरा थांबून बघू. ग्लोबल म्हणजे "अंगणातला $दर मला द्या". अंगणात $दर नसेल तर पीएचपी तक्रार करत नाही. ते गुपचूप अंगणात एक रिकामा, म्हणजे नल असलेला $दर तयार करतं आणि तो हाती देतं. आता व्हेरिएबल "ठरवलेलं" आहे, म्हणून इशारा नाही. आणि ५० क्रेट गुणिले नल बरोबर शून्य, तेही विनातक्रार. तापाची गोळी घेतल्यावर थर्मामीटर काय सांगणार?

शून्य तसंच राहिलं म्हणून पोरानं शिर_दाखवमध्येही ग्लोबल टाकलं. आणि हे चाललं! कारण आता पहिल्यांदा मांडणी वाचणाऱ्या फंक्शनचा $दर अंगणातल्याशी जोडलेला होता, त्यामुळे भाव अंगणात पोचला आणि पावतीला तिथे सापडला. आम्ही हुश्श केलं. पुढच्या महिन्यात व्यापाऱ्यानं व्हॉट्सॲपवर भाव पाठवायचं बटण मागितलं. त्याचं फंक्शन पानाच्या सुरुवातीलाच धावायचं, मांडणी तेच पहिल्यांदा मागवायचं आणि त्यात ग्लोबल नव्हतं. भाव त्याच्या खोलीत अडकला, पट्टी रिकामी, पावती शून्य. तिथे ग्लोबल घातलं, सुरळीत. मग थकबाकीचं पान आलं. मग मोसंबीचं. दर वेळी जो नवा पाहुणा सगळ्यांच्या आधी येईल तो भाव खिशात घालून जायचा. दीड-दोन महिन्यांचं चक्र ते हेच.

तुमच्याकडे हेच आहे का, कसं बघायचं

जिथे व्हेरिएबल रिकामं आहे त्याच्या आदल्या ओळीवर दोन गोष्टी लॉगमध्ये टाका. गेट इन्क्लूडेड फाइल्स हे फंक्शन आतापर्यंत आलेल्या सगळ्या फायलींची पूर्ण वाट सांगतं. तुमची मांडणी त्या यादीत आहे आणि व्हेरिएबल तरी नाही, म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या खोलीत उघडली गेली आहे. गेट डिफाइन्ड व्हार्स त्या जागी दिसणारी व्हेरिएबल सांगतं. त्याच्या फक्त किल्ल्या, म्हणजे नावं, छापा, किमती नको, कारण त्यात डेटाबेसचा पासवर्डही असतो. चालू साइटवर हे स्क्रीनवर तर मुळीच टाकू नका, एरर लॉग या फंक्शननं लॉगमध्येच पाठवा.

तिसरी गोष्ट मांडणीच्या फाइलीत टाकायची: डीबग प्रिंट बॅकट्रेस. ती फाईल कोणत्या फंक्शनमधून, कोणत्या ओळीवरून मागवली गेली ते ही आज्ञा उलट्या क्रमानं सांगते. मात्र हिचा मजकूर थेट पानावर छापला जातो, म्हणून ती आपल्या मशीनवरच चालवा. आम्हाला पहिला गिऱ्हाईक कोण हे याच एका ओळीनं दाखवलं. चालू फंक्शनचं नाव सांगणारा जो जादूचा कॉन्स्टंट असतो तो इथे कामाचा नाही. तो फाईल वाचतानाच ठरतो, त्यामुळे फंक्शनच्या आतून मागवलेल्या फाइलीतही रिकामाच येतो. माझा अर्धा तास त्याच्या नादात गेला.

हे करताना कोडमध्ये दोन झाकणं असतील तर आधी उघडा. एक, इन्क्लूडच्या आधी लावलेलं, इशारे दडवणारं ॲट चिन्ह. दोन, पीएचपी ७ पासून आलेलं दुहेरी प्रश्नचिन्ह, "नसेल तर शून्य घे" वालं. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत, पण ज्या भावावर पैशाचा हिशेब चालतो तिथे "नसेल तर शून्य" लिहिणं म्हणजे गल्ल्याला कुलूप न लावता घरी जाणं.

दुरुस्ती

मांडणीच्या फाइलीनं व्हेरिएबल सांडून ठेवण्यापेक्षा एक ॲरे, म्हणजे किमतींची एक यादी, परत द्यावा. पीएचपीत मागवलेली फाईल रिटर्न करू शकते, हे कित्येकांना माहीतच नसतं.

```
// मांडणी.पीएचपी
रिटर्न [
    'दर'  => आजचा_दर(),
    'फोन' => '...',
];
```

आणि ती वाचायचं काम एकाच फंक्शनकडे:

```
फंक्शन मांडणी() {
    स्टॅटिक $माहिती = नल;
    इफ ($माहिती === नल) {
        $माहिती = रिक्वायर __डीआयआर__ . '/मांडणी.पीएचपी';
    }
    रिटर्न $माहिती;
}
```

इथे "वन्स" मुद्दाम नाही. रिक्वायर वन्स लिहिलं आणि ती फाईल आधी कुठे उघडलेली असली तर ॲरेच्या जागी ट्रू मिळतो, मग ट्रूमधून 'दर' काढायला गेलात की पुन्हा नल. एकदाच वाचायची जबाबदारी आता स्टॅटिकवर आहे. फंक्शन संपलं तरी ते पुढच्या हाकेसाठी किंमत जपून ठेवतं, म्हणून ही चिंता नीट वाहतं. फंक्शनं कुठूनही हाक मारता येतात, त्यामुळे पट्टी, पावती, व्हॉट्सॲप, मोसंबी, कोणीही कोणत्याही क्रमानं मांडणी() म्हटलं की तोच ॲरे मिळतो.

पावतीसाठी मी आणखी एक पाऊल पुढे गेलो. पावती_छापला आता क्रेटबरोबर दरही हातात द्यावा लागतो, दोन्ही कंसात. दर न देता हाक मारली तर पीएचपी ७.१ पासून ते थेट एरर देऊन थांबतं. दराला संख्येचा टाइपही लावला आहे, म्हणजे चुकून नल आला तरी शून्याची पावती निघण्याआधीच काम अडतं. व्यापाऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बंद पडली तर पडू दे भाऊ, शून्याची नको देऊ." धंदेवाल्याला स्कोप समजावून सांगावा लागत नाही.

साइटचं नाव, जीएसटीचा क्रमांक अशा कधी न बदलणाऱ्या गोष्टी कॉन्स्टंटमध्ये टाकल्या तरी चालतात. कॉन्स्टंटला खोल्यांचं बंधन नाही. भाव रोज बदलतो, त्याला कॉन्स्टंट करायच्या मोहात पडू नका.

उलट्या दिशेची गळती

वरचं सगळं निस्तरल्यावर आठ दिवसांनी नवा प्रकार: संत्र्याच्या पावतीवर लिंबाचा भाव. रक्कम शून्य नव्हती म्हणून आधी कोणाच्या लक्षातही आलं नाही. व्यापाऱ्याच्या मुनीमजींनी पकडलं.

हे एक जुनं पान होतं, फंक्शनं न वापरणारं, सगळं अंगणात. त्यावर वर $दर मध्ये संत्र्याचा भाव ठेवलेला, मधे बाजूची पट्टी इन्क्लूड केलेली आणि त्याखाली हिशेब. बाजूच्या पट्टीत सगळ्या फळांची यादी फॉरईचनं एकेक करून फिरवलेली, आणि फिरवताना प्रत्येक किमतीला दिलेलं नाव? $दर. पीएचपीत फॉरईच संपला तरी त्याचं व्हेरिएबल मरत नाही, शेवटची किंमत धरून बसून राहतं. यादीत शेवटी लिंबू होतं.

मागवलेली फाईल तुमची व्हेरिएबल वाचू शकते हे सगळ्यांना हवंच असतं. ती फाईल तुमची व्हेरिएबल बदलूही शकते हे विसरायला होतं. $आय, $रो, $रिझल्ट अशा नावांवर तर रोज मारामारी. इथे इलाज म्हणून मी तेच वापरलं ज्यानं आधी छळलं होतं: बाजूची पट्टी एका फंक्शनच्या आत इन्क्लूड केली. तिचा $दर आता तिच्याच खोलीत जन्मतो आणि तिथेच संपतो.

पहाटेचं काम आणि चुकीची फाईल

पहाटे भाव ओढून आणणारं एक क्रॉनचं काम होतं (क्रॉन म्हणजे सर्व्हरवर ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा). हातानं चालवलं की बरोबर, क्रॉननं चालवलं की मागच्या वर्षीची मांडणी. इथे स्कोपचा दोष नव्हता, पत्त्याचा होता. फाइलीचं नुसतं नाव किंवा टिंब-स्लॅश लावून दिलेला पत्ता हा "इथून पुढच्या चौकात डावीकडे" असा पत्ता आहे. तुम्ही व्हरायटी चौकात उभे आहात की रामदासपेठेत, त्यावर डावीकडे काय ते ठरणार. क्रॉन आपल्या युजरच्या होम फोल्डरमध्ये उभा असतो, आणि आमच्या होम फोल्डरमध्ये जुन्या बॅकअपमधली त्याच नावाची फाईल पडून होती. डीआयआर हा कॉन्स्टंट, ज्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असतात, तो ज्या फाइलीत लिहिला आहे तिचं फोल्डर सांगतो, मग हाक कुठूनही मारा. तो पीएचपी ५.३ पासून आहे. वरच्या कोडमध्ये तो का आहे ते आता कळलं असेल. बॅकअपची फाईलही उडवली, ते वेगळं सांगायला नको.

काही जण पत्त्याची कटकट नको म्हणून फाईल पूर्ण वेब पत्ता देऊन मागवतात. ते करू नका. मुळात ही सोय पीएचपी ५.२ पासून बंदच येते आणि ७.४ मध्ये ती मोडीत काढायच्या यादीत गेली. कोणी चालू केली तरी समोरचा सर्व्हर ती फाईल स्वतःकडे चालवून फक्त तयार एचटीएमएल पाठवतो, व्हेरिएबल तिकडेच राहतात. वर सुरक्षेच्या नावानं शिमगा. फाइलीच्या नावापुढे प्रश्नचिन्ह लावून दर पाठवणारेही पाहिले आहेत. स्थानिक फाइलीच्या बाबतीत पीएचपी त्या प्रश्नचिन्हासकट नावाची फाईल शोधत बसतं.

वर्डप्रेसवाल्यांसाठी थोडं. थीममध्ये गेट टेम्प्लेट पार्ट वापरलं की तुमच्या पानावरचं व्हेरिएबल त्या तुकड्यात दिसत नाही, कारण ते फंक्शन आहे आणि तुकडा त्याच्या आत उघडतो. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.५ पासून त्याला तिसऱ्या जागी एक ॲरे देता येतो, तो तुकड्यात $आर्ग्ज या नावानं मिळतो. ग्लोबल घालण्याआधी ते वापरा.

आणि एका पानावर ठेवलेलं व्हेरिएबल पुढच्या पानावर क्लिक करून गेल्यावर दिसत नाही, अशी तक्रार असेल तर तिचा इन्क्लूडशी संबंध नाही. प्रत्येक रिक्वेस्टला पीएचपी कोऱ्या पाटीनं सुरू होतं. त्याला सेशन, म्हणजे पानापानांमध्ये माहिती जपून ठेवायची सोय, लागतं.

शेवटी सगळ्या फोल्डरात ग्रेप या शोधायच्या आज्ञेनं ग्लोबल हा शब्द शोधला. तेवीस जागा निघाल्या. एकवीस काढल्या, प्रत्येक काढल्यावर पट्टी असलेली पावती आणि "फक्त छापा" दोन्ही उघडून पाहिल्या, आणि मग फंक्शनांचा क्रम मुद्दाम उलटा करून परत पाहिल्या. उरलेल्या दोन व्यापाऱ्याच्या ब्लॉगमधल्या, वर्डप्रेसच्या स्वतःच्या $पोस्टसाठी आहेत. त्या राहू दिल्या.